मोरपंखीवरचा कोळी ओळखायचा कसा? नुकतंच भिंग हाती घेतलेल्यांसाठी

शाळेत असताना वहीच्या पानांत मोरपंखीची डहाळी ठेवली नाही असं पोर खान्देशात क्वचितच सापडेल. ‘विद्या’ म्हणायचो आम्ही तिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर झाडाची खालची बाजू पोरांनी ओरबाडून काढलेली असायची. तीच मोरपंखी आज बंगल्याच्या फाटकाशी, बँकेच्या दारात, मंगल कार्यालयाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उभी दिसते. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की ती तपकिरी पडायला लागते. मग कोणीतरी म्हणतं, “कोळी लागलाय.” कोणता कोळी, कोणी पाहिला, किती पायांचा, हे कोणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी फवारा सुरू.

हा लेख त्या मधल्या रिकाम्या जागेसाठी आहे. सूचिपर्णी झाडांवर, म्हणजे मोरपंखी, सायप्रस, जुनिपर, पाइन, देवदार यांच्यावर, रस शोषून जगणारे जे बारीक कोळी असतात, ते घरी बसून कुठवर ओळखता येतात आणि कुठून पुढे हात टेकायचे, एवढंच यात सांगतो. घरी बसून जातीपर्यंत पोचता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुळापर्यंत मात्र, थोडी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाची मदत घेऊन, पोचता येतं, आणि तेवढंही आजूबाजूच्या शंभरांत एखाद्याला जमतं.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडे शेतकरी ज्याला ‘लाल कोळी’ म्हणतो तो जाळ्यात बसून माशा धरणारा कोळी नव्हे. दोघे अष्टपाद गटातले, पण हा माइट. या लेखात कोळी म्हणजे माइट. आणि वर्गीकरणात कुळ मोठं, त्याच्या पोटात प्रजाती, प्रजातीच्या पोटात जाती, असा क्रम धरा.

आधी झाडाचं नाव

कोळी नंतर. पहिल्यांदा झाड. चार पायांचे जे सूक्ष्म कोळी आहेत (त्यांच्याकडे येतोच) ते बहुतेक एकाच झाडाशी किंवा त्याच्या अगदी जवळच्या नात्यातल्या झाडांशी बांधलेले असतात. झाड चुकलं की पुढची सगळी ओळख चुकली.

खान्देशात यात फसायला भरपूर वाव आहे. सर्वांत मोठा फसवा गडी म्हणजे सुरू. लांबून हुबेहूब पाइन वाटतो, वाऱ्यात तसाच सू-सू आवाज करतो, खाली छोटी ‘फळं’ पडलेली असतात. पण सुरू सूचिपर्णी नाही. ज्याला आपण सुई समजतो ती हिरवी काडी आहे. ती हातात घेऊन हलकेच ओढा, बारीक पेरांवर तुटते, आणि प्रत्येक पेराशी दातांसारखी चिमुकली पानं गोलाकार बसलेली भिंगातून दिसतात. मी सुरुवातीला दोन आठवडे एका सुरूच्या झाडावर ‘पाइनचे कोळी’ शोधत होतो. सापडले नाहीत, हे बरंच झालं.

दुसरा घोळ ‘ख्रिसमस ट्री’चा. नर्सरीत या नावाने मिळतं ते बहुधा अरौकारिया, पॅसिफिकमधल्या बेटांकडचं झाड. युरोपात नाताळला सजवतात ते स्प्रूस किंवा फर, त्याच्याशी याचं फार लांबचं नातं. तिसरा घोळ खुद्द मोरपंखीचा. आपली मोरपंखी म्हणजे प्लॅटिक्लॅडस ओरिएन्टॅलिस. लिनियसने १७५३ साली तिला थुजा ओरिएन्टॅलिस म्हटलं, पुढे ती बायोटा झाली, आणि आज प्लॅटिक्लॅडस. जुन्या नोंदी शोधताना तिन्ही नावं घालून पाहा, नाहीतर अर्धी माहिती हाती लागणारच नाही. ओळखायला सोपी आहे. पानांचे पंखे उभे असतात, दोन्ही बाजू सारख्या दिसतात, आणि फळ कोवळं असताना निळसर, मांसल, वर आकड्यांसारखी शिंगं असलेलं. खऱ्या थुजाचे पंखे आडवे पसरतात आणि फळ सडपातळ, शिंगांशिवाय असतं.

फळाची फांदी हाती असेल तर फोटो काढून ठेवा. कोळ्याचा फोटो नसला तरी चालेल, झाडाचा हवाच.

पहिला सराव करंजावर

हा माझा हट्ट आहे, आणि नवख्या माणसाला मी दुसरं काही सांगत नाही. मोरपंखीवर थेट जाऊ नका. चार पायांचा कोळी कसा दिसतो हे डोळ्यांना आधी माहीत हवं, आणि त्यासाठी रस्त्याकडेच्या करंजासारखा गुरू नाही. करंजाच्या पानांवर मोडासारख्या हिरवट, पुढे तपकिरी होणाऱ्या गाठी आलेल्या तुम्ही शंभरदा पाहिल्या असतील. त्या असेरिया पोंगामी नावाच्या कोळ्याच्या. एक ताजी हिरवी गाठ ब्लेडने उभी चिरा, ओल्या काळ्या कागदावर ठेवा आणि भिंग लावा.

भिंग कुठलं? जळगावात असाल तर प्रश्नच नाही. सराफ बाजारात हिरे-मोती पाहायचं दहापटी भिंग मिळतं, घडीचं, खिशात मावणारं. ते डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि वस्तू जवळ आणायची. लोक भिंग वस्तूवर धरून डोळा लांब नेतात, मग काहीच दिसत नाही. दहापटीला हे कोळी म्हणजे पांढुरके, हलणारे, अगदी बारीक धाग्याचे तुकडे. वीस-तीसपटीला गाजरासारखा आकार कळतो. पुढे जाड, मागे निमुळता.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. हे कोळी साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर लांब. खसखशीचा दाणा सुमारे एक मिलिमीटरचा धरला, तर एका दाण्यावर चार-पाच कोळी एका रांगेत झोपतील.

त्या चिरलेल्या गाठीकडे पाच मिनिटं शांत पाहत बसा. गाठ सुकायला लागते तसे कोळी बाहेर सरकतात. आणि मग एखादा कडेला येऊन शेपटीवर उभा राहतो. हो, उभाच. मागच्या टोकाच्या चिकट जागेवर पकड घेऊन अख्खं शरीर हवेत उंचावतो आणि पुढचे पाय हलवत राहतो. वाऱ्याची वाट पाहत असतो. पंख नाहीत, लांब पाय नाहीत, एका झाडावरून दुसऱ्यावर जायला यांच्याकडे वारा हेच मुख्य वाहन. एकदा हे दृश्य पाहिलं की पुढे मोरपंखीच्या खवल्यात दडलेला तुकडा धूळ आहे की जीव, हे ठरवायला वेळ लागत नाही.

तुरीवरचा वांझ रोग पसरवणारा कोळीही याच घराण्यातला. असेरिया कजानी. पण तो गाठ करत नाही, पानाखाली उघड्यावर राहतो, आणि पानाच्या लवेत शोधायला जड जातो. तो दुसऱ्या महिन्यासाठी ठेवा.

डहाळी कशी आणायची

मोरपंखीचं आतलं, बुंध्याकडचं पान तपकिरी असेल तर ते बहुधा वयाने वाळलेलं असतं. सगळ्याच मोरपंख्यांना आतून असं होतं. तो कोळी नव्हे. बाहेरच्या, उन्हातल्या, अजून जिवंत पण निस्तेज, राखाडी-पिवळट ठिपके पडलेल्या डहाळ्या घ्या. बोटाएवढ्या सात-आठ पुरेत. प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी. पिशवीत ओला कपडा घालू नका, थेंब साचले की कोळी बुडतात. कोरडी पिशवी, सावलीत, आणि त्याच दिवशी पाहायचं.

रस्त्याकडेच्या धुळकट झाडावर जाळी करणारे कोळी जास्त असतात. काळ्या मातीची धूळ पानांवर बसली की त्यांना खाणारे भक्षक कोळी तिथे टिकत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. म्हणून एक डहाळी धुळीतली आणि एक अंगणातली, नेहमी धुतली जाणारी, अशी जोडी घ्या. फरक डोळ्यांनी दिसतो.

घरी आल्यावर तीन गोष्टी करायच्या.

पहिली झटकण. पांढऱ्या कागदावर डहाळी दोनदा आपटा. धूळ पडेल, फेब्रुवारीत पराग पडतील, आणि त्यात काही ठिपके चालायला लागतील. जे पळतात, चकचकीत असतात आणि एका जागी ठरत नाहीत ते बहुधा भक्षक, झाडाचे मित्र. जे रेंगाळतात ते रस पिणारे. हा नियम शंभर टक्क्यांचा नाही, पण पहिल्या दिवशी पुष्कळ कामाचा आहे.

दुसरी धुलाई. काचेच्या बरणीत अर्धा पेला पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, त्यात डहाळी घालून मिनिटभर हलवायची. डहाळी काढा, पाणी दहा मिनिटं निवळू द्या, वरचं हळूच ओता आणि तळचा चमचाभर भाग काळ्या बशीत घ्या. चार पायांचे कोळी झटकण्यात कधीच दिसत नाहीत. दिसले तर या बशीत.

तिसरी उकल, आणि हीच सर्वांत कंटाळवाणी. मोरपंखीची पानं खवल्यांसारखी एकावर एक बसलेली असतात. सुईच्या टोकाने एकेक खवला उचलायचा आणि खाली पाहायचं. कळ्याही उघडायच्या. फुगलेली, न उमललेली, गोळा झालेली कळी दिसली तर ती आधी. सूचिपर्णी झाडांवरचे चार पायांचे कोळी बहुतेक अशाच आडोशाला राहतात. कळीत, खवल्याखाली, पाइनच्या सुयांच्या जुडग्याला बुडाशी जे आवरण असतं त्याच्या आत, जुनिपरच्या फळात.

डहाळी हळूहळू वाळू दिली तर काही कोळी आपणहून बाहेर येऊन कापलेल्या टोकाशी गोळा होतात. रात्रभर कागदी पुडीत ठेवून सकाळी पाहण्याची ही युक्ती मला तरी उकलीपेक्षा जास्त फळली.

पाय मोजा

इथून ओळख सुरू. सुरुवातीला रंग विसरा, नुकसान विसरा, फक्त पाय मोजा. चाळीसपट पुरते.

आठ पाय असतील तर तो प्रौढ किंवा वाढता माइट, चार पायांचे सोडून कुठल्याही कुळाचा असू शकतो. सहा असतील तर बहुधा नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू, त्यावरून नाव ठरवू नका, शेजारी आठ पायांचा शोधा. चारच पाय असतील, तेही सगळे डोक्याजवळ, आणि मागे वलयांचं लांबट अंग असेल, तर तो एरिओफिऑइड. यांचं पिल्लूही चार पायांचं आणि आजीही चार पायांची.

“चारच पाय म्हणजे हे कशाचं तरी पिल्लू असेल” असं तुम्हाला वाटणारच. रेओम्यूर या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने १७३७ मध्ये झाडांच्या गाठींतले हे जीव पाहिले, तेव्हापासून शंभरहून जास्त वर्षं जाणत्या लोकांनाही तेच वाटत होतं. कोणी किड्याची अळी म्हणे, कोणी आठपायी कोळ्याचं बाळ. द्युजार्दॅंने १८५१ साली त्यांच्या पोटात अंडी पाहिली, हे पूर्ण वाढलेलेच प्राणी आहेत असं ठरवलं आणि फायटॉप्टस हे नाव दिलं. तेव्हा चुकल्याची लाज वाटून घेऊ नका.

खान्देशी माणसाला मात्र एक अपवाद माहीत हवा, कारण तो आपल्या बांधावर बसलाय. बोरीच्या फांदीवर गाठी करणारा लार्वाकॅरस ट्रान्सिटान्स. याची प्रौढ मादीसुद्धा सहाच पायांची. शेवटची जोडी तिने गमावली, नावातही ‘पिल्लासारखा कोळी’ असाच अर्थ आहे. मेहरूणच्या बोरांच्या मुलखात ‘सहा पाय म्हणजे पिल्लू’ हा नियम डोळे मिटून लावू नये तो असा.

आठ पायांचे: जाळी की चपटा

मोरपंखीवर प्रत्यक्षात भेटतात ते बहुतेक आठ पायांचे. त्यांच्यात दोन कुळं वेगळी करायला शिकलात की पुष्कळ झालं.

एक टेट्रानिकिडी, खरे लाल कोळी. अंग फुगीर, पाठीवर उभे केस, बऱ्याच जाती बारीक जाळं विणतात. जाळं पाहायला डहाळी सूर्याकडे धरून तिरकी फिरवायची, तारा चमकतात. तोंडाजवळच्या स्पर्शकाच्या टोकाला आकडा आणि त्याला जोडून अंगठ्यासारखा भाग, चिमटीसारखा. चारशेपटीला स्पष्ट दिसतो. थंड प्रदेशात सूचिपर्णी झाडांचा नामांकित शत्रू ऑलिगोनिकस अनअंग्विस याच कुळातला. जाकोबीने १९०५ साली त्याचं वर्णन केलं, तो वसंत आणि शरदाच्या गारव्यात फोफावतो. आपल्या उन्हाळ्यात मोरपंखीवर लाल कोळी दिसला म्हणून त्याला लगेच हे नाव चिकटवण्याचा मोह टाळा. या कुळात जात ठरते ती नराच्या जननांगाच्या आकारावरून, आणि नर कुशीवर झोपवून काचेवर बसवावा लागतो. मादी कितीही सुंदर दिसली तरी तिच्यावरून जात सांगता येत नाही.

दुसरं टेन्युपाल्पिडी. चपटे, तांबूस, पानाला चिकटून बसलेले, सुस्त. जाळं नाही. स्पर्शकाला ती चिमटी नाही. सायप्रस-जुनिपरच्या कुळातल्या झाडांवर राहणारं पेंटामेरिस्मस यातलंच. त्याच्या स्पर्शकाला पाच पेरं असतात, नावातही ‘पाच भाग’ आहेत. पण पाच पेरांच्या इतरही प्रजाती आहेत, त्यामुळे तेवढ्यावर शिक्का मारू नका.

अमळनेरला मोठ्या मावशीकडे हे सगळं एकदा प्रत्यक्ष झालं. अंगणातली मोरपंखी एका बाजूने करडी पडलेली. मी ओट्यावर भिंग लावून बसलो तर शेजारच्या आजी फाटकाशी थांबल्या, “काय देखी राहिना रे भाऊ?” मी म्हटलं कोळी. त्यांनी वर छताकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्याला भिंग लावून दिलं. पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, “ढेकूणच वाटतो, पण रेशमाचा.” तांबडे, चपटे, पाठीवर काळसर नक्षी, जाळ्याचा मागमूस नाही. आठ पाय. टेन्युपाल्पिडी. तिथेच थांबलो, आणि मावशीला फवाऱ्याऐवजी नळीचं जोराचं पाणी आठवड्यातून दोनदा मारायला सांगितलं.

फवाऱ्यावरून एक आडवळण. साधं कीटकनाशक मारलं तर आधी मरतात भक्षक, आणि मग रस पिणारे दुपटीने वाढतात. गंधक कोळ्यांवर चालतं खरं, पण आपल्याकडच्या उन्हात ते पान भाजतं. एप्रिल-मे महिन्यात गंधकाचं नाव काढू नका.

चार पायांचे: केस मोजा

आता खरा रस. एरिओफिऑइड कोळ्यांच्या जगभरात चार हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत, आणि परंपरेने त्यांची तीन कुळं करतात: फायटॉप्टिडी, एरिओफिडी, डिप्टिलोमिओपिडी. तिन्ही वेगळी करायची किल्ली डोक्यामागच्या ढालीवर आहे. ढाल म्हणजे पाठीचा पहिला त्रिकोणी भाग, ज्यावर रेघांची नक्षी असते. तिच्यावर किती केस आहेत आणि कुठे, ते पाहायचं.

ढालीच्या पुढच्या भागात केस असेल तर फायटॉप्टिडी. पुढे काहीच नाही, फक्त मागे एक जोडी (किंवा तीही नाही), तर पुढची दोन कुळं. त्यांतला फरक तोंडात आहे. डिप्टिलोमिओपिडीचं तोंड मोठं, काटकोनात खाली वळलेलं, आतल्या सुया लांब. एरिओफिडीचं लहान. करंजावरचा आणि तुरीवरचा, दोन्ही एरिओफिडी. त्यांच्या ढालीची पुढची बाजू स्वच्छ, केसाशिवाय. म्हणूनच आधी करंज म्हटलं होतं. ‘नसलेला केस’ पाहायला शिकलात की असलेला पटकन दिसतो.

सूचिपर्णी झाडांवर सर्वाधिक चर्चेतली प्रजाती ट्रायसेटॅकस, कायफरने १९५२ साली नाव दिलेली. ‘ट्राय’ म्हणजे तीन: ढालीवर पुढे मधोमध एकच केस, आणि मागे दोन. पाइन आणि सायप्रस दोन्ही कुळांच्या झाडांवर तिच्या पन्नासाहून अधिक जाती आहेत. कळी फुगवणाऱ्या, सुईच्या आवरणात राहणाऱ्या, जुनिपरचं फळ बिघडवणाऱ्या. तिच्या जोडीने नालेपेला, सेटॉप्टस वगैरे आहेत, त्या पाइन-स्प्रूसच्या सुयांवर उघड्यावर हिंडतात.

आणि पाच केसांची पेंटासेटॅकस. पुढे मधे एक, त्यामागे दोन, शेवटी दोन. ही चिलीतल्या अरौकारियावर सापडली, १९८५ साली वर्णन झालं. केस जास्त म्हणजे घराणं जुनं, असं या गटात साधारण मानतात. इटलीतल्या डोंगरांत सापडलेल्या सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेच्या थेंबांत दोन एरिओफिऑइड अडकलेले मिळाले. २०१२ साली ते प्रसिद्ध झाले, आणि ती राळ होती सूचिपर्णी झाडाची. फुलझाडं जगात यायच्या आधीपासून हे कोळी सुईच्या झाडांवर रस पीत होते. नर्सरीतून आणलेला अरौकारिया गच्चीवर असेल तर त्याच्याकडे एकदा भिंगातून जरूर पाहा. काही सापडलं नाही तरी ‘नाही’ ही नोंद लिहून ठेवा.

अलीकडे जनुकांच्या अभ्यासानंतर ही तीन कुळांची मांडणी हलली आहे. सूचिपर्णीवरच्या बऱ्याच प्रजातींना आता नालेपेलिडी हे वेगळं कुळ देतात. जुन्या नोंदीत फायटॉप्टिडी आणि नव्यात नालेपेलिडी दिसलं तर गोंधळू नका, तोच कोळी आहे.

शरीराच्या आकारावरून कुळ ठरवायची घाई मात्र नको. आडोशाला राहणारे अळीसारखे लांबट, उघड्यावर राहणारे मधे फुगीर आणि पाठीची वलयं पोटापेक्षा रुंद, हा फरक जगण्याच्या पद्धतीचा आहे, नात्याचा नाही.

काच करणं

केस मोजायला चारशेपट किमान, आणि खात्रीला तेल घालून हजारपट. म्हणजे कॉलेजची प्रयोगशाळा. जीवशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना विनंती करा, बहुतेक आनंदाने बसू देतात.

सोपी, तात्पुरती काच अशी. काचपट्टीच्या मधोमध लॅक्टिक आम्लाचा एक लहान थेंब. कोळी उचलायला पापणीचा एक केस दातकोरणीच्या टोकाला डिंकाने चिकटवा, सुईने कोळी फाटतो. थेंबात चार-पाच कोळी सोडा, वर आच्छादन काच. स्पिरिटच्या दिव्यावर लांबून, सेकंद-दोन सेकंद, परत-परत ऊब द्यायची. उकळी आली की काम संपलं, सगळे बुडबुडे. आम्ल आतलं विरघळवतं, कोळी काचेसारखा पारदर्शक होतो आणि केस उठून दिसतात. आम्ल डोळ्यात किंवा हातावर जाऊ देऊ नका.

टिकाऊ काचेसाठी लागणाऱ्या होयरच्या मिश्रणात क्लोरल हायड्रेट असतं. ते विषारी आणि नियंत्रित रसायन आहे, घरी करायच्या भानगडीत पडू नका.

काचेवर पाहायचा क्रम ठरवून घ्या. आधी बाई की बाप्या. मादीचं जननद्वार पायांच्या लगेच मागे, पोटावर, रेघा असलेल्या झाकणासारखं. नराचं नुसती आडवी चीर. काहीच नसेल तर पिल्लू, ते बाजूला ठेवा. मग ढालीचे केस. मग पायाच्या टोकाचा पिसासारखा नखर, त्याला किती फाटे हे मोजायचं, दोनदा मोजायचं. एकाच कोळ्यावर विसंबू नका. आठ-दहा माद्या पाहिल्यावरच आकडा लिहा. आणि सूक्ष्मदर्शकात उजवं-डावं उलट दिसतं हे चित्र काढताना विसरलात तर चित्र फुकट.

भारतात या गटाचा पाया चन्नबसवण्णांनी १९६६ साली बंगळूरहून प्रसिद्ध केलेल्या कामाने घातला. त्यानंतर दक्षिणेत पुष्कळ काम झालं. आपल्याकडच्या बागेतल्या परक्या सूचिपर्णी झाडांकडे मात्र फारसं कोणी वळलेलं नाही, कारण पीक नाही, पैसा नाही.

कुपी आणि चिठ्ठी

उरलेले कोळी ७० टक्के अल्कोहोलच्या लहान कुपीत ठेवायचे, डहाळीच्या तुकड्यासकट. चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. हे मी मोठ्याने सांगतो, कारण माझ्या पहिल्या वर्षाच्या तेवीस कुप्यांवर मी बॉलपेनने लिहून आत टाकलं होतं. सहा महिन्यांनी तेवीस कुप्या होत्या, कोळी होते, आणि तेवीस फिकट निळ्या कोऱ्या चिठ्ठ्या. कुठलं झाड, कुठलं गाव, काही नाही. तापीच्या काठावरचा एक अख्खा हिवाळा गेला.

चिठ्ठीवर झाडाचं शास्त्रीय नाव, गाव, तालुका, तारीख, झाडाचा कुठला भाग, कोणी पाहिलं. ओळखीच्या जागी जेवढं पाहिलं तेवढंच. ‘ट्रायसेटॅकस असावा’ असं लिहायचं असेल तर पुढे ‘तीन केस मोजले, आठ माद्या’ हे लिहा. मोजले नसतील तर ‘एरिओफिऑइड, चार पाय’ एवढंच. तज्ज्ञाकडे कुपी पाठवाल तेव्हा तो आधी चिठ्ठी वाचतो आणि मग ठरवतो की कुपी उघडायची का.

हिमाचल-उत्तराखंडला फिरायला गेलात तर चिडाच्या तीन सुयांच्या जुडग्याचं आवरण सोलून पाहा, देवदाराच्या कळ्या पाहा, तिथेच. जिवंत डहाळी पिशवीत घालून खान्देशात आणू नका. मेलेले, अल्कोहोलमधले आणा.

मावशीच्या मोरपंखीच्या कुपीतली चिठ्ठी समोर आहे, तीच उतरवतो: “प्लॅटिक्लॅडस ओरिएन्टॅलिस. अमळनेर, जि. जळगाव. अंगण, पश्चिमेची बाजू. बाहेरच्या डहाळ्या, खवल्यांवर उघडे. टेन्युपाल्पिडी, आठ पाय, जाळं नाही, स्पर्शकाला चिमटी नाही. स्पर्शकाची पेरं मोजली नाहीत. चार पायांचे: धुलाई, उकल, पुडी तिन्ही करून सापडले नाहीत.”